डिस्कच्या कडेवरच्या खाचा: वर आलेलं बसवा, गेलेलं भरू नका

परभणीच्या एका खेळाडूचा प्रश्न असा आहे: माझ्याकडे डिस्क गोल्फच्या, म्हणजे चकती फेकून साखळीच्या टोपलीत घालायच्या खेळाच्या, तीन डिस्क आहेत; फोटो सोबत पाठवलेत. पटरच्या (जवळून टाकायची डिस्क) कडेवर बारीक ओरखडे आहेत, बोट फिरवलं की खरखरतं. मिडरेंज (मध्यम अंतराची) दगडावर आपटून तिच्या कडेचा पापुद्रा दोन ठिकाणी उचललाय. ड्रायव्हर (लांब फेकीची) शेताच्या काटेरी तारेला घासली आणि कडेतून तीन-चार मिलिमीटरचा टवकाच गेला. एक मित्र म्हणतो एम-सील भर, दुसरा म्हणतो मेणबत्तीवर तापवून दाब. नवीन मागवायची तर किंमत आणि टपालखर्च बघून हात आखडतो. या दुरुस्त होतील का, आणि कशा?

होतील. पण दोन्ही मित्रांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

डिस्कला मार लागला की आधी एवढंच बघायचं: कोणतं प्लास्टिक मूळ पातळीच्या वर आलंय, आणि कोणतं निघून गेलंय. वर आलेलं जागेवर बसवायचा प्रयत्न करायचा, नाहीच बसलं तर कापायचं, मग घासायचं. गेलेलं मात्र गेलं. तिथं काहीही भरायचं नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. खड्डा डोळ्यांना दिसतो म्हणून त्याच्या मागे लागतात, आणि शेजारी उभी राहिलेली बारीक साल, जी खरा त्रास देते, ती तशीच सोडून देतात.

मी वाळूजला प्लास्टिक मोल्डिंगच्या कामात आहे. साच्यातून निघालेल्या पार्टची बर, म्हणजे कडेला उभी राहिलेली जास्तीची पातळ साल, काढणं, जोडरेषा साफ करणं, रिजेक्ट झालेला माल का रिजेक्ट झाला ते शोधणं, हे आमचं रोजचं काम. डिस्क हासुद्धा इंजेक्शन मोल्डिंगचाच पार्ट आहे. नव्याकोऱ्या डिस्कच्या कडेवर नख फिरवून बघा, साच्याचे दोन भाग जिथं मिळतात ती रेषा लागते, आणि काही डिस्कवर तिथं पातळशी बरही राहिलेली असते. त्यामुळे खाचा नसल्या तरी नवीन डिस्कवरून एकदा कापूस फिरवायला हरकत नाही. कापसाचं पुढे सांगतो.

वर आलेल्या सालीला मी एवढं महत्त्व का देतो? पहिलं कारण तुमचं बोट. फेक सुटताना डिस्क बोटांतून ओरबाडून निघते. तर्जनी आतल्या कडेला टेकलेली असते आणि त्या कडेवर ताठ उभी बर असेल तर ती पहिल्या दिवशी नुसती टोचते, दुसऱ्या दिवशी कातडी सोलते. मग माणूस नकळत पकड ढिली करतो, फेक बिघडते, आणि दोष डिस्कच्या उडण्याला देतो. दुसरं कारण वारा. हवेला सर्वांत आधी भिडते ती डिस्कची बाहेरची धार. तिथून बाहेर आलेला पापुद्रा प्रत्येक फेऱ्याला हवेत आडवा येतो. तेवढ्याच आकाराच्या खोलगट खाचेवरून हवा बरीचशी निमूट निघून जाते. तिसरं कारण पुढचा मार. उचललेली साल हे तयार टोक असतं, पुढच्या दगडाला किंवा तारेला ती अडकते आणि मुळापासून आणखी लांब फाटत जाते. दोन मिलिमीटरचं काम मग दोन सेंटिमीटरचं होतं.

आणि खड्ड्याची भीती वाटत असेल तर हिशेब करा. साधारण २१ सेंटिमीटर व्यासाच्या डिस्कचा परीघ ६६ सेंटिमीटर भरतो. वजन १७० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या ड्रायव्हरमधून तारेनं जे ओरबाडून नेलं ते एक ग्रॅमसुद्धा भरणार नाही. एवढ्यानं डिस्क लंगडत नाही. फेकल्यावर ती डगमगत असेल तर दहापैकी नऊ वेळा ते मनगटाचं काम असतं.

आता प्लास्टिक ओळखा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ढोबळमानानं दोन घराणी आहेत. एक स्वस्त, साधं प्लास्टिक: इनोव्हा कंपनीचं डीएक्स, डिस्क्राफ्ट कंपनीचं प्रो-डी ही त्यातली नावं. हे हाताला किंचित कोरडं, खडूसारखं लागतं, नखानं दाबलं तर ओरखडा उमटतो आणि राहतो. पकडीला फार छान, पण लवकर झिजतं. दुसरं महाग, चिवट प्लास्टिक: इनोव्हाचं चॅम्पियन आणि स्टार, डिस्क्राफ्टचं झेड आणि ईएसपी. कंपन्या नेमकं मिश्रण सांगत नाहीत, पण ही जात साधारणपणे पॉलियुरेथेनच्या कुळातली. रबरासारखी लवचीक, दाबलं तर परत येते, आणि चॅम्पियन-झेडसारख्या प्रकारांत आरपार दिसतं. साध्या प्लास्टिकला मार लागला की ते दबतं आणि दबलेलंच राहतं. चिवट प्लास्टिक सहसा दबत नाही, पण धारदार वस्तू लागली की चिरतं आणि त्याची साल उभी राहते.

तुमच्या परभणीच्या काळ्या जमिनीत खेळणाऱ्याच्या डिस्क आणि आमच्या संभाजीनगरच्या डिस्क शेजारी ठेवल्या तर सांगावं लागत नाही कुठली कोणाची. इकडे गोगाबाबा टेकडीच्या अंगाला गेलात की काळा दगड आणि मुरूम. त्या दगडाची तुटलेली कड चाकूसारखी असते, डिस्क एकदा घसटली की टवका. तुमच्याकडे पावसाळ्यात चिखल कडेच्या आत भरतो पण खाच पडत नाही. पुढे उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून विटेसारखी कडक होते, तेव्हा कडेची पुढची धार हळूहळू बोथट होत जाते. तुमचे टवके मात्र दगडाचे आणि तारेचे आहेत, म्हणजे तुम्ही बांधावरून फेकताय. बांधाकडे फेकायचं असेल तर तिथं जुनी डिस्क वापरा, एवढं आधीच सांगतो.

कामाला लागण्याआधी डिस्क धुवा. भांड्याचा साबण, जुना टूथब्रश आणि एक तांब्या पाणी पुरे. टँकरच्या दिवसांत त्याहून जास्त लागतही नाही. माती राहिली तर पुढे घासायच्या पेपरखाली तीच घासली जाते आणि दुरुस्तीच्या नावाखाली नवीन ओरखडे पडतात. कोरडी करून कापसाचा एक मोकळा पुंजका घ्या. सरकी काढलेला घरचा कापूस असेल तर फारच उत्तम, दुकानाची घडी घातलेली पट्टी तेवढी चालत नाही. तो पुंजका कडेवरून अगदी हलक्या हातानं, न दाबता, फिरवा. आधी बाहेरच्या धारेवरून, मग खालच्या बाजूनं, मग आतून. दोन्ही दिशांनी फिरवा, कारण एका दिशेनं झोपलेली साल दुसऱ्या दिशेनंच पकडते. जिथं तंतू अडकतील तिथं पेन्सिलीनं खूण करा. डोळ्यांना न दिसणारी बरही कापूस दाखवतो. कारखान्यात आम्ही पार्टवरून नायलॉनचा मोजा फिरवतो, तत्त्व तेच. खूण नसलेल्या जागी हात लावायचा नाही. सगळी कड गोल फिरवून एकसारखी करायचा मोह होतो; तो आवरा.

आता तुमची मिडरेंज. पापुद्रा उचललाय म्हणताय, आणि फोटोवरून ती साध्या प्लास्टिकची दिसते. आधी कापू नका. खड्ड्याकडे नीट पाहिलंत तर एका टोकाला प्लास्टिकचा छोटा ढीग साचलेला दिसेल. दगडानं जे प्लास्टिक ढकललं ते तिथं जाऊन बसलंय. त्याला आलं त्या वाटेनं परत पाठवायचं. डिस्क पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा, अंघोळीला घेतो त्याहून थोडं कडक. पुसून घ्या, मांडीवर टॉवेल घेऊन त्यावर धरा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं ढिगाकडून खड्ड्याकडे दाबत घासत न्या. जोर अंगठ्याचा, हालचाल छोटी. एका दमात बसत नाही. दाबा, पुन्हा गरम करा, पुन्हा दाबा. साधं प्लास्टिक अशा दाबाला वाकतं आणि वाकलेलं राहतं; हा त्याचा अवगुण इथं कामाला येतो. बहुतेकदा पापुद्र्याचा मोठा भाग खड्ड्यात परत बसतो आणि वर एक किंचित उंचवटा तेवढा उरतो. हे काम जितकं लवकर कराल तितकं सोपं. खेळून आलात त्याच संध्याकाळी केलंत तर मातीही आत शिरलेली नसते. मैदानावर असाल तर नाण्याच्या गुळगुळीत कडेनं तात्पुरतं दाबून घ्या.

जे बसलं नाही ते कापायचं. ओढून तोडायचं नाही, हे दोनदा वाचा. पापुद्रा नखात धरून ओढला की तो मुळाशी तुटत नाही, अंगातून आणखी एक पट्टी सोलून घेऊन निघतो. बारीक सालीसाठी नेलकटर सर्वांत चांगला, कारण त्याचं तोंड वाकडं असतं आणि कडेच्या गोलाईला जुळतं. मोठ्या सालीला कटरचं नवं कोरं पातं घ्या. पातं कडेला जवळजवळ समांतर धरा आणि थर काढल्यासारखे बारीक काप घ्या, अंगठा पात्याच्या वाटेत ठेवू नका. अगदी पातळीपर्यंत कापायला जाऊ नका. केसभर उंच सोडा. तेवढं पेपर काढतो. पात्यानं पातळीच्या खाली गेलात तर तुम्हीच एक नवीन खाच पाडलीत.

पेपर म्हणजे वॉटर पेपर, हार्डवेअरच्या किंवा गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळतो तो काळा. लाकडाचा पॉलिश पेपर नको, त्याचे कण पाण्यात सुटतात. ४०० नंबरनं सुरुवात करा आणि ६०० वर थांबा. उंचवटा मोठा असेल तरच आधी २२० चे चार हात. पाणी लावूनच घासायचं. एक तर प्लास्टिक तापत नाही, आणि दुसरं, भुकटी उडत नाही. ते पाणी मोरीत न ओतता फडक्यानं टिपून फडकं कचऱ्यात टाका. पेपरामागे लाकडाचा ठोकळा धरू नका, त्यानं गोल कडेवर सपाट पट्टा पडतो. जुन्या रबरी चपलेच्या तळाचा दोन बोटांएवढा तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळा. रबर कडेच्या वळणाबरोबर वाकतं. हात फिरवायचा तो कडेच्या लांबीच्या दिशेनं, परिघाबरोबर. आडवं, वर-खाली घासलंत तर धारेचा आकार बदलतो, आणि डिस्कचं उडणं जे काही आहे ते त्या धारेत आहे. दर दहा-बारा हातांनी थांबून कापूस फिरवा. कापूस सरळ निघाला की काम संपलं. खड्डा अजून दिसतोय? दिसू द्या.

आतल्या कडेला, म्हणजे बोटं टेकतात तिथं, ६०० च्या पुढे जाऊन आरशासारखी चकाकी आणू नका. मे महिन्यात घामाच्या हाताला थोडी खरबरीत कडच धरवते.

चिवट प्लास्टिकला हीच पद्धत पण हात वेगळा. चमच्यानं दाबलं तर ते परत उठतं. गरम पाण्यात नरम करून, साल जागेवर बसवून, तिथं चिमटा किंवा कपड्याचा मजबूत क्लिप लावून तसंच गार पाण्यात धरलं तर काही प्रमाणात राहतं. पण फार आशा ठेवू नका, इथं कापणंच जास्त उपयोगी. आणि पेपरनं हे प्लास्टिक घासलं जात नाही, त्याला बारीक लव सुटते, जितकं घासाल तितकी लव. म्हणून पातं जास्त, पेपर कमी, आणि पेपर नवा. एक युक्ती आहे. रबराच्या पार्टांची बर काढायला कारखान्यांत पार्ट द्रव नायट्रोजननं गोठवतात, कारण गोठलेली बर लवचीक न राहता कडक होते आणि साफ तुटते. घरी नायट्रोजन नसला तरी फ्रीजचा बर्फाचा कप्पा आहे. डिस्क पिशवीत घालून अर्धा तास ठेवा आणि काढल्याबरोबर काप घ्या. द्रव नायट्रोजनची बरोबरी होत नाही, पण पातं घसरत नाही एवढा फरक नक्की पडतो. गार असताना ती कशावर आपटू मात्र नका.

आता एम-सील. एम-सील म्हणजे इपॉक्सीची लगदी, आणि ती लोखंडी पाइपाला जशी धरते तशी साध्या, पॉलिथिलीनच्या जातीच्या प्लास्टिकला धरत नाही. या प्लास्टिकच्या पृष्ठभागावर कोणतीच चिकट वस्तू नीट पसरत नाही. म्हणून तर गोंदाच्या बाटल्या तशा प्लास्टिकच्या बनवतात. फेविक्विकच्या जातीचा गोंदही तसाच, वर कडक पापुद्रा होऊन बसतो. चिवट प्लास्टिकला इपॉक्सी थोडी धरेल, पण कड आपटताना वाकते आणि इपॉक्सी वाकत नाही. दोन-चार झाडांवर आपटली की भरलेला गोळा उडून जातो, जाताना शेजारचं प्लास्टिकही खरवडतो.

समजा धरलं. तरी स्पर्धेत ती डिस्क बाद. व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेचा, म्हणजे पीडीजीएचा, नियम स्पष्ट आहे: खेळताना झालेली झीज चालते, साच्यातले दोष आणि खरचटलेल्या जागा घासून गुळगुळीत केलेल्या चालतात, पण डिस्कचं मूळ उडणं बदलेल अशी दुरुस्ती चालत नाही आणि हाताला जाणवेल इतक्या जाडीचा थर चढवलेला चालत नाही. वजनाचंही आहे. डिस्कच्या व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम, म्हणजे २१.२ सेंटिमीटरच्या डिस्कला जवळपास १७६ ग्रॅमची मर्यादा. बऱ्याच डिस्क १७५ ग्रॅमच्या विकल्या जातात. त्यात लगदीचा मोठा गोळा पडला की मर्यादा ओलांडू शकते. आणि घासण्यालाही सीमा आहे: पुढच्या धारेची गोलाई किमान १.६ मिलिमीटर त्रिज्येची हवी, घासून घासून ती पात्यासारखी करायची नाही. मराठवाड्यात आपण कुठली मान्यताप्राप्त स्पर्धा खेळतोय असं म्हणाल, तर खरं आहे. पण नियम इथं शहाणपणाचाच आहे. काढायला परवानगी, चढवायला बंदी. कारखान्यातला कोणताही मोल्डर हेच सांगेल.

प्लास्टिकमध्ये काही मिसळायचंच असेल तर ते वितळलेलं असताना, साच्यात जाण्याआधी. यावरून आठवलं. पीडीजीए १९७६ मध्ये स्थापन करणारे एड हेड्रिक २००२ मध्ये वारले, आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. आमच्या शॉपफ्लोअरवर हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो मिश्रणाच्या प्रमाणाचा.

मेणबत्तीचं तर नावच काढू नका. पॉलिथिलीनच्या जाती साधारण १०५ ते १३५ अंशांना वितळतात, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास. मेणबत्तीची ज्योत हजार अंशांच्या वर असते. मधली पायरीच नाही: प्लास्टिक एक तर गार आहे किंवा टपकतंय. कड काळी पडते, आकसते, आणि आकसलेला भाग घासून परत येत नाही. चिवट प्लास्टिक जळलं तर त्याहून वाईट, पॉलियुरेथेनच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. सोल्डरिंग गननं साल चिकटवणारेही पाहिलेत. टोकाचं तापमान तीनशे अंशांच्या घरात, खोली बंद, आणि नाक वासावर. हे घरात करायचं काम नाही.

ग्राइंडर किंवा ड्रिलला लावायचा घासण्याचा चकतीवाला तुकडा तुमच्या मित्रांनी सुचवला नाही, पण कोणीतरी सुचवेल. वेगानं फिरणारी चकती प्लास्टिक कापत नाही, तापवून फासते. सेकंदभरात एक सपाट भाग तयार होतो आणि वितळलेलं प्लास्टिक शेजारी नवी बर होऊन बसतं.

तडा गेलेल्या डिस्कचं वेगळं आहे. खाच आणि तडा यांत फरक असा की कड हलकी वाकवली तर खाच तशीच राहते, तडा तोंड उघडतो. बरेच तडे कडेचा जाड भाग आणि मधला पातळ भाग जिथं मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात सुरू होतात, म्हणून धुताना तिथं बघायची सवय लावा. तडा गेलेली किंवा आरपार भोक पडलेली डिस्क नियमानं खेळातून बाद. सरावाला ठेवायची असेल तर तड्याच्या अगदी टोकाला दोन मिलिमीटरचं ड्रिल मारा. टोकाशी एकवटलेला ताण गोल भोकावर पसरतो आणि तडा पुढे सरकायचा थांबतो, निदान रेंगाळतो. हाच विचार तुमच्या ड्रायव्हरच्या खाचेलाही लावायचा. खाचेचा तळ टोकदार, व्ही आकाराचा असेल तर तिथून पुढे तडा जायची शक्यता असते. वॉटर पेपरची बारीक सुरळी करून तो तळ नुसता गोलसर करा. खाच मिटवायची नाही, फक्त तिचं टोक मोडायचं.

वाकड्या डिस्कबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मे महिन्यात ४२-४३ अंशांत गाडीच्या काचेमागे डिस्क ठेवून दुकानात गेलात तर विचाराल. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि बॅगेत आडवी दाबलेली डिस्क केळीच्या पानासारखी वळून निघते. ती दुरुस्त होते. हाताला सोसणार नाही पण उकळीही आलेली नाही अशा पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, काढून ओट्याच्या ग्रॅनाइटवर पालथी नाही, सरळ ठेवा, आणि वजन कडेवर येईल असं ठेवा. तळाचा घेर जुळणारं पातेलं पाण्यानं भरून ठेवलं की झालं. मधल्या भागावर वजन ठेवलंत तर तिचा फुगवटा बसतो आणि ती वेगळीच डिस्क होते. पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका.

आता जे दुरुस्त करू नये त्याबद्दल. उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, फेकणाऱ्याची डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते. नवी ड्रायव्हर साधारणपणे वेग असेपर्यंत सरळ जाते आणि वेग उतरला की डावीकडे झुकते. कड झिजत गेली, धार बोथट झाली, की तीच डिस्क वेगात असताना उजवीकडे वळू लागते. हा बिघाड नाही. जाणकार खेळाडू एकाच साच्याच्या दोन-तीन डिस्क वेगवेगळ्या झिजेच्या ठेवतात: नवी समोरच्या वाऱ्यासाठी, मधली सरळ फेकीसाठी, जुनी उजव्या वळणासाठी. साध्या प्लास्टिकची मिडरेंज तर झिजल्यावरच हाताला बसते. म्हणून पेपर घेऊन तिला नवी करायला जाऊ नका, ती होतही नाही. बर काढली, बोट सोलत नाही, कापूस अडकत नाही, एवढ्यावर हात थांबला पाहिजे.

पटरचं काम सर्वांत कमी. ६०० चा ओला पेपर खुणांपुरता, की झालं. पण तुम्ही लक्ष्य म्हणून काय वापरताय ते फोटोत दिसलं: शेडचा लोखंडी खांब आणि त्यावर टांगलेली साखळी. साखळीचे ओरखडे बारीक असतात, ते चालायचंच. खांब मात्र पटरच्या प्रत्येक चुकलेल्या फेकीला कड दाबतो. हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं तेव्हा टोपल्या आल्या नव्हत्या, खांबच लक्ष्य होते. तेव्हा उघडा खांब वापरण्यात कमीपणा काही नाही. फक्त पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब आणा आणि गुडघ्यापासून छातीपर्यंत खांबाला घट्ट गुंडाळा. डिस्कचं आयुष्य वाढवणारी याहून स्वस्त वस्तू मला माहीत नाही. खांबाखालचे दगड वेचून बाजूला करा, कारण अर्धा मार खाली पडतानाच लागतो.

राहिली ड्रायव्हर. फोटोत ती आरपार दिसते, म्हणजे चिवट जातीची. धुवा, अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवा, तारेनं ओढलेल्या बाजूची उभी साल नेलकटरनं काढा, खाचेचा तळ गोलसर करा, दोन्ही काठ नव्या ४०० च्या पेपरनं अगदी थोडे मारा आणि कापूस फिरवा. मग वारा पडलेला असताना, सकाळी, तुमच्या नेहमीच्या जोरानं काही वेळा फेकून बघा. पूर्वीसारखी शेवटी डावीकडे येत असेल तर तिला काही झालेलं नाही. मधेच उजवीकडे कलू लागली असेल तर जून-जुलैच्या वाऱ्यात ती समोर फेकू नका, पाठीवर वारा घेऊन फेका, आणि समोरच्या वाऱ्यासाठी पुढची डिस्क मागवाल तेव्हा त्याच साच्याची मागवा.